ये की, बस की: घरच्या कुत्र्याला खेळ शिकवताना

पाळीव कुत्र्याला घरच्या घरी शिकवायचे खेळ म्हणजे हात देणे, गिरकी घेणे, नमस्कार करणे, लोळणे, सांगितलेली वस्तू आणून देणे अशा छोट्या कृती. राखण करणे, माग काढणे किंवा मेंढरे सांभाळणे यांसारखी ही कामाची शिकवण नव्हे. शिकण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. कुत्रा एखादी हालचाल करतो, तिच्यापाठोपाठ त्याच्या फायद्याचे काही घडते आणि ती हालचाल तो पुन्हा करतो. बेळगाव-निपाणीकडच्या घरांत हे शिक्षण कोणी मुद्दाम देत नसले तरी रोज चालूच असते. भाकरी थापणाऱ्या बाईशेजारी येऊन बसणाऱ्या कुत्र्याला एकदा तुकडा मिळतो आणि तो दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी तिथे हजर होतो. फाटकाशी आलेल्या दूधवाल्यावर तो भुंकतो, दूधवाला दूध घालून आपल्या वाटेने जातो, आणि कुत्र्याच्या लेखी ही त्याच्या भुंकण्याची करामत ठरते. खेळ शिकवायचे म्हणजे हा नकळत चाललेला व्यवहार माणसाने जाणूनबुजून चालवायचा.

या व्यवहाराचा पद्धतशीर अभ्यास सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना खटक्याच्या पेट्यांत कोंडून निरीक्षणे केली आणि १८९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. मांजर सुरुवातीला वेडीवाकडी धडपड करी, त्यात चुकून खटका सुटे, दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. दर खेपेला फुकाची धडपड कमी होत गेली. ज्या कृतीतून सुख मिळते ती पक्की होते, हा नियम त्यातून निघाला. त्याच सुमारास रशियात इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनक्रियेवर काम करत होता. त्या कामासाठी त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खाणे तोंडात पडण्याआधी, ते येत असल्याच्या नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे त्याच्या लक्षात आले होते.

बी. एफ. स्किनर याने हे दोन्ही धागे घराच्या उंबऱ्यापर्यंत आणले. १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्याने प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. कुत्र्याने हवी ती हालचाल केली की तत्क्षणी एक छोटा, ठरलेला आवाज करायचा आणि मग खाणे द्यायचे, हा त्याचा गाभा. आवाजासाठी त्याने सुचवलेली वस्तू म्हणजे मुलांचे टकटक वाजणारे खेळणे होते. आपल्याकडच्या जत्रेत मिळणारा, पोटाला दाबले की वाजणारा पत्र्याचा बेडूक हा त्याचाच भाऊबंद. आज दुकानात ‘क्लिकर’ म्हणून मिळतो तो प्लास्टिकचा, पण काम तेच करतो. पुढे कॅरन प्रायर यांनी हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेने शिकवले, आणि १९८४ मध्ये पुस्तक लिहून ही पद्धत कुत्रे पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचवली.

आवाजाची गरज का पडते, हे एकदा नीट कळले की बाकीचे शिक्षण सोपे होते. कुत्रा बसला. माणसाने खिशात हात घातला, तुकडा काढला, वाकून पुढे केला. एवढ्यात दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर कुत्रा उठून उभा राहिलेला असतो. खाणे मिळाले ते बसल्याबद्दल असे माणूस समजतो. कुत्र्याच्या हिशेबात ते उठल्याबद्दल असते. बूड जमिनीला टेकले त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज झाला तर तो क्षण नेमका टिपला जातो, आणि तुकडा हाती यायला थोडा वेळ लागला तरी चालते. क्लिकर नसेल तर जिभेने काढलेला ‘टक्’ किंवा एकच छोटा शब्द पुरतो. तो शब्द घरात एरवी सारखा वापरात नसावा. ‘शाब्बास’ लांब आहे आणि दर वेळी वेगळ्या सुरात निघतो. पहिल्या दिवशी काहीच शिकवायचे नसते: ‘टक्’ करायचे आणि तुकडा द्यायचा, असे दहा-पंधरा वेळा. आवाज आला की कुत्रा मान वळवून हाताकडे पाहू लागला, म्हणजे पाया पडला.

प्राण्यांना शिकवण्याची या मुलखाला जुनी ओळख आहे. कृष्णाकाठच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे नावाजलेले अश्वशिक्षक. त्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि भारतीय सर्कशीची सुरुवात झाली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली, आणि म्हैसाळ तर बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडच्या अगदी जवळ आहे. मात्र जगभरच्या सर्कशींत आणि लष्करांत त्या काळी शिकवण्याचा पाया बहुतांशी धाकाचा होता. जर्मनीच्या कोनराड मोस्ट याचे १९१० चे श्वानशिक्षणाचे पुस्तक हिसका, पट्टा आणि सक्ती यांवरच उभे आहे. धाकाने कुत्रा शिकत नाही असे नाही, शिकतो. पण धाकाने शिकलेला कुत्रा चूक होईल या भीतीने नवे काही करूनच पाहत नाही, आणि खेळ शिकवताना नेमके ते करून पाहणेच हवे असते. लोकांसमोर प्रयोग करून दाखवण्यासाठी शिकवलेल्या प्राण्यांची भारतीय पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, असा २००१ चा नियम आहे. घरच्या माणसांपुरत्या खेळांना तो लागू नाही.

कुत्र्याकडून हवी ती हालचाल काढून घेण्याच्या रीती तीन. एक आमिषाची: तुकडा नाकाशी धरून हात फिरवायचा, नाकामागे अंग जाते. दुसरी टिपण्याची: कुत्रा जे आपणहून करतो त्याची वाट पाहायची आणि घडले की ‘टक्’. तिसरी घडवण्याची: मोठ्या कृतीचे बारीक तुकडे पाडून एकेक पक्का करत पुढे सरकायचे. हाताने दाबून बसवणे, पंजा ओढून धरणे ही चौथी रीत घरोघर चालते आणि तीच सर्वांत कुचकामी आहे. कमरेवर दाब पडला की कुत्रा त्या दाबाला विरोध करायला शिकतो, बसायला नव्हे.

बसणे हे आमिषाने शिकवावे. तुकडा नाकाच्या टोकाशी धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर होते तसे मागचे अंग खाली जाते. हात फार उंच नेला तर कुत्रा उडी मारतो, म्हणून तो नाकापासून चार बोटेच वर ठेवावा. पाच-सहा वेळा जमले की हातात तुकडा न ठेवता तीच हालचाल करायची आणि खाणे दुसऱ्या हाताने किंवा फळीवरच्या वाटीतून द्यायचे. ही पायरी गाळणाऱ्या घरांतला कुत्रा हातात खाऊ दिसल्याशिवाय हलत नाही. लोक त्याला लबाड म्हणतात, पण तो शिकवले तेवढेच करत असतो.

‘हात दे’ शिकवताना तुकडा मुठीत झाकून मूठ जमिनीलगत धरावी. कुत्रा आधी हुंगतो, चाटतो, नाकाने ढकलतो आणि शेवटी वैतागून पंजा मारतो. पंजा लागताक्षणी ‘टक्’ आणि मूठ उघडायची. नंतर मूठ थोडी वर, मग रिकामा उघडा तळवा. हा खेळ पाहुण्यांपुढे मिरवण्यापुरता वाटला तरी तो सर्वांत उपयोगी आहे. पंजा आपणहून हातात देणाऱ्या कुत्र्याची नखे कापता येतात, पावसाळ्यात बोटांमधला चिखल पुसता येतो, उसाच्या शेतातून आल्यावर रुतलेले कुसळ पाहता येते, आणि पशुवैद्याच्या टेबलावर चार माणसांनी त्याला धरून ठेवावे लागत नाही.

नमस्कार हा टिपण्याचा खेळ. झोपेतून उठल्यावर जवळजवळ प्रत्येक कुत्रा पुढचे पाय लांबवून छाती जमिनीकडे नेतो आणि मागचे अंग वर ठेवून आळस देतो. दुसऱ्या कुत्र्याला खेळायला बोलावतानाही तो हाच पवित्रा घेतो. सकाळी त्याच्या उठण्याच्या वेळेला चार तुकडे घेऊन जवळ असावे, एवढीच तयारी लागते. काही दिवस रोज ही कृती टिपली की कुत्रा खाऊच्या आशेने मुद्दाम वाकू लागतो. तसे झाले की दोन्ही हात जोडण्याची खूण जोडावी. दारी आलेल्याला कुत्र्याने वाकून नमस्कार केलेला पाहून आजी-आजोबांना जेवढा आनंद होतो, तेवढा बाकीच्या सगळ्या खेळांनी मिळूनही होत नाही.

गिरकीसाठी तुकड्याने कुत्र्याच्या नाकाला मोठे वर्तुळ काढायला लावायचे. लहान वर्तुळ काढले तर तो मध्येच अडकून बसतो. पहिल्या दिवशी पाव फेरीवरही ‘टक्’ मिळावा, मग अर्ध्यावर, मग पूर्ण फेरीवर. उजवीकडची गिरकी आली म्हणून डावीकडची येत नाही, ती वेगळी शिकवावी लागते. लोळण्याचा खेळ आडवे पडण्यापासून सुरू होतो आणि त्यात कुत्र्याने पोट उघडे टाकण्याइतका माणसावर विश्वास टाकावा लागतो. नुकत्याच घरी आलेल्या किंवा रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याला तो शेवटी शिकवावा.

वस्तू आणून देणे सर्वांत अवघड, आणि ते शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवावे लागते. सकाळी अंगणात पडलेला ‘तरुण भारत’ घरात आणणारा कुत्रा हवा असेल, तर पहिला धडा अंगणात नसतो. तो कुत्र्याच्या तोंडातली गुंडाळी माणसाच्या हातात सोडण्याचा असतो. जुन्या वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून दोरा बांधावा. कुत्र्याने ती नुसती तोंडात धरली की ‘टक्’. आवाज ऐकून तो खाण्यासाठी तोंड उघडतो आणि सुरळी हातात पडते. ते पक्के झाल्यावर एक पाऊल अंतर, मग खोलीभर, मग उंबरा, मग अंगण. शेवट आधी पाठ असल्याने कुत्रा प्रत्येक वेळी अनोळखी टप्प्याकडून ओळखीच्या टप्प्याकडे येतो आणि गोंधळत नाही. वस्तू तोंडात घेऊन तो पळू लागला तर मागे धावू नये. मागे धावणारा माणूस हे कुत्र्याला खाण्याहून मोठे बक्षीस वाटते आणि वर्तमानपत्राच्या चिंध्या होईपर्यंत तो खेळ चालतो. त्यापेक्षा दुसरी एखादी वस्तू किंवा खाऊ दाखवून अदलाबदल करावी. घरातल्या चपला आणायला मात्र शिकवू नये, असे जाणते सांगतात: एक चप्पल आणून खाऊ मिळतो हे कळलेला कुत्रा लग्नघरातल्या शंभर चपलांपुढे सोडला तर काय होईल, याचा अंदाज करता येतो.

शब्द कधी जोडायचा हा प्रश्न इथल्या घरांत जास्तच नाजूक आहे. बेळगावच्या एका घरात आई ‘बस’ म्हणते, शाळेत जाणारा मुलगा ‘सिट’, शेजारचे कानडी काका ‘कुंद्रु’, आणि दूध घालायला येणारा ‘बैठ’. त्यात सीमाभागाच्या मराठीची लकब अशी, की ‘बस’ कधी एकटा येत नाही. ‘बस की’, ‘बस की गा’, ‘ए बस म्हटलं की नव्हं’ असा वाढत जातो. कुत्रा एका खुणेचे चार शब्द शिकू शकतो, पण एकामागून एक आणि प्रत्येक स्वतंत्रपणे. सगळे एकदम कानावर पडले तर त्याच्यासाठी तो नुसता कलकलाट. घरातल्यांनी बसून एकच शब्द ठरवावा, तो कोणत्या भाषेतला आहे याला महत्त्व नाही. आधी हाताची खूण पक्की करावी. मग शब्द उच्चारून क्षणभर थांबावे आणि खूण करावी. काही दिवसांनी शब्दापाठोपाठ खूण येणारच हे कळून कुत्रा खुणेआधीच बसतो.

कुत्र्यांना भाषांमधला फरक कळतो का, याची तपासणी बुडापेस्टच्या संशोधकांनी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८ कुत्र्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात शांत पडून राहायला शिकवून त्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन भाषेत एकच गोष्ट ऐकवली गेली. ओळखीच्या आणि अनोळखी भाषेला त्यांच्या मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला. या संशोधनातल्या लॉरा कुआया मेक्सिकोहून आपला कुत्रा घेऊन हंगेरीला आल्या होत्या आणि नव्या भाषेचा त्याच्यावर काय परिणाम होतो, या कुतूहलातूनच हे काम सुरू झाले. बेळगाव शहरातल्या कुत्र्यांच्या कानावर लहानपणापासून मराठी आणि कानडी दोन्ही पडतात, तेव्हा इथे तो प्रश्न वेगळ्याच रीतीने विचारावा लागेल.

शब्दापेक्षा कुत्रा अंगाची भाषा आधी वाचतो. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खूर आपटून उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ मध्ये दाखवून दिले, की घोडा गणित करत नव्हता. योग्य आकड्याशी येताच विचारणाऱ्याच्या मानेत, खांद्यात जो नकळत बदल होई तो ओळखून थांबत होता. घरच्या कुत्र्याचेही असेच असते. ‘लोळ’ म्हणताना मालक जरा पुढे झुकत असेल, तर कुत्रा शब्द नव्हे, झुकणे शिकलेला असतो. खुर्चीत बसून किंवा पाठ वळवून तोच शब्द म्हणून पाहिला की हे उघड होते. एका खोलीत शिकलेला खेळ अंगणात येत नाही, त्याचेही कारण हेच: त्याच्या शिकण्यात ती खोली, ती सतरंजी, तो माणूस सगळे मिसळलेले असते. जागा बदलली की एक-दोन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करावी.

धडा छोटा हवा. जेवणाच्या आधी, तीन ते पाच मिनिटे, आणि कुत्र्याला अजून हवेहवेसे वाटत असतानाच थांबावे. रोज केले म्हणजे लवकर येईल हा समजही तितकासा खरा नाही. डेन्मार्कमधल्या मायर आणि लाडेविग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा शिकवलेल्या बीगल कुत्र्यांना, आठवड्यातून पाचदा शिकवलेल्यांपेक्षा कमी धड्यांत तीच कृती आली. दिवस अर्थातच जास्त लागले. नोकरी-शेतीतून वेळ न मिळणाऱ्या घरांनी यातून धीर घ्यायला हरकत नाही.

सगळे कुत्रे सारखे शिकत नाहीत, आणि या भागात त्याचे उत्तम उदाहरण दारातच आहे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे पूर्वी घोरपड्यांचे संस्थान होते. तिथल्या राजांनी लांब पायांच्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. मुधोळ हाउंड म्हणून ती जात आता देशभर ओळखली जाते, महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणतात. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात काही पिल्ले नेली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. हा कुत्रा नजरेने शिकार करणारा. सशामागे सुटला की मालक कुठे मागे राहिला याकडे न पाहता स्वतः निर्णय घेत धावायचे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला. लॅब्रॅडोर याच्या उलट, शिकाऱ्याच्या सांगण्यावर पडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी घडवलेला. तो सारखा माणसाच्या तोंडाकडे पाहतो. कन्नड चित्रपट ‘७७७ चार्ली’ २०२२ मध्ये पाहून अनेकांना तसा कुत्रा हवासा वाटला, पण त्यातली चार्ली लॅब्रॅडोर होती. मुधोळकडून त्याच अपेक्षा धरल्या की तो मठ्ठ आहे असा शिक्का बसतो.

मुधोळ मठ्ठ नाही. त्याला तीच गोष्ट दहा वेळा करण्यात अर्थ दिसत नाही, एवढेच. तीन-चारदा जमले की थांबावे. खाण्यापेक्षा त्याला पळणारी वस्तू प्रिय: काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून सरपटत नेली आणि गिरकी घेतल्यावर अर्धा मिनिट तिचा पाठलाग करू दिला, तर तेच त्याचे बक्षीस. त्याच्या अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ, त्यामुळे फरशीवर बूड टेकणे त्याला सुखाचे नसते. जाड घोंगडी अंथरावी किंवा बसण्याऐवजी उभ्याने करायचे खेळ निवडावेत. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, तेव्हा पाहुण्यांना ‘हात दे’ करून दाखवण्याचा आग्रह नसावा. आणि शिकला म्हणून त्याला मोकळ्या माळावर पट्ट्याविना सोडू नये. ससा दिसला की शिकवलेले सगळे शब्द वाऱ्यावर जातात.

पांढऱ्या केसाळ स्पिट्झला इकडे सरसकट ‘पॉम’ म्हणतात; १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने त्याला घरोघर नेले. तो चटपटीत आणि लवकर शिकणारा आहे, पण भुंकण्याचीही त्याला तेवढीच हौस. ‘बोल’ म्हटल्यावर भुंकायचा खेळ त्याला शिकवायचाच असेल तर ‘गप्प’ त्याच आठवड्यात शिकवावे, नाहीतर जुन्या बेळगावच्या चिकटून असलेल्या घरांत शेजाऱ्यांशी वाद ठरलेला. डॅशहाउंडची पाठ लांब असते. त्याला मागच्या पायांवर उभे करणे किंवा उड्या मारायला लावणे मणक्याला घातक ठरते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लवकर लागते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे खेळ पहाटे उरकावेत. गावठी कुत्र्याबद्दल मात्र काळजीचे असे थोडेच. अंगाने काटक, माणसाच्या हालचालीवर बारीक लक्ष, आणि भाकरीच्या वाळक्या तुकड्यावरही खूश.

उड्यांचे खेळ कोणत्याही कुत्र्याला वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत शिकवू नयेत, कारण हाडांची वाढ तोवर चालू असते. गुळगुळीत शहाबादी फरशी आणि टाइल्स हा दुसरा धोका. गिरकी घेताना पाय घसरला तर गुडघा किंवा खुबा दुखावतो. बेळगावचा पावसाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुत्र्याला घरात डांबून ठेवतो, आणि खरे तर खेळ शिकवायला तोच हंगाम. गोणपाट किंवा सतरंजी अंथरली की सोपा पुरतो.

खाऊ कोणता हा भाग घाईने उरकण्यासारखा नाही. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा, आणि दिवसभराच्या खुराकाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त खाऊ होऊ नये. उकडलेले कोंबडीचे मांस, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, पनीर, गाजर, ज्वारीच्या भाकरीचे वाळवलेले तुकडे हे सगळे चालते. चहात बुडवलेले बिस्किट ही सार्वत्रिक सवय टाळावी. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट कुत्रा आनंदाने खाईल, पण साखर-गूळ त्याच्या उपयोगाचे नाहीत. चॉकलेट, कांदा आणि लसूण विषारी, शिजवलेली हाडे घशात-आतड्यात अडकणारी. या भागात विशेष सांभाळायचे ते बेदाणे. अथणी, विजयपूर, तासगावच्या द्राक्षपट्ट्यामुळे घरोघर बेदाण्यांचा डबा असतो आणि दाण्याचा आकार खाऊसाठी नेमका सोयीचा. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. किती दाण्यांनी होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते, म्हणून एकही देऊ नये.

निपाणीकडे आणखी एक वस्तू घरात असते: तंबाखू. विड्या वळल्या जातात तिथे सूप, पाने आणि जर्दा जमिनीवरच असतो. निकोटीन कुत्र्याला फार थोडे पुरते. लाळ गळणे, उलटी, अंग थरथरणे, मग झटके अशी लक्षणे काही वेळातच दिसू लागतात आणि तेव्हा घरगुती उपाय न करता तडक पशुवैद्याकडे न्यावे लागते. वस्तू तोंडात धरायला शिकवलेला कुत्रा सापडेल ते उचलून पाहतो, त्यामुळे अशा घरात ‘आण’च्या आधी ‘सोड’ शिकवावे. विड्या वळून उठलेल्या हाताने खाऊ भरवण्याआधी हात साबणाने धुणेही गरजेचे, कारण खाऊबरोबर बोटेही चाटली जातात.

कुत्र्याला नको झाले हे तो तोंडाने सांगत नाही. झोप आलेली नसताना जांभई, खाणे नसताना ओठ चाटणे, मान फिरवून दुसरीकडे पाहणे, कान मागे पाडणे, उगीच जमीन हुंगत सुटणे या त्याच्या खुणा. त्या दिसल्या की सोपी एखादी कृती करून घेऊन धडा संपवावा. मुले शिकवत असतील तर मोठे माणूस जवळ असावे, आणि खाऊ बोटांच्या चिमटीत न धरता उघड्या तळव्यावर ठेवून द्यायला मुलांना सांगावे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचली जाते आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी लागते. ती घेतलेली नसेल तर मुलांच्या हातून खाऊ भरवण्याचा प्रश्नच येत नाही.

शिकलेला खेळ टिकवण्यासाठी दर वेळी खाऊ लागत नाही. पक्का झाल्यावर तो कधी द्यावा, कधी न द्यावा, कधी एकदम दोन-तीन तुकडे द्यावेत. केव्हा मिळेल याचा अंदाज नसला की कुत्रा जास्त चिकाटीने खेळतो. खाऊच्या जागी चेंडू फेकणे, पाठ थोपटणे, फाटक उघडून फिरायला नेणे हेही बक्षीसच आहे.

म्हाताऱ्या कुत्र्यालाही नवे खेळ येतात, फक्त ते सांध्यांवर भार न टाकणारे निवडावेत. त्यांत नाकाचा खेळ उत्तम. तीन पितळी वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली अंड्याचा तुकडा. सुरुवातीला कुत्र्यादेखत ठेवायचा, वाटीला नाक किंवा पंजा लावला की ‘टक्’ करून वाटी उचलायची. नंतर वाट्या फिरवायच्या, मग कुत्र्याला बाहेर नेऊन त्याच्या माघारी तुकडा ठेवायचा. कमी दिसणारा, कमी ऐकणारा कुत्राही वासावर हा खेळ खेळू शकतो. ऐकूच येत नसेल तर ‘टक्’च्या जागी पाठीवर बोटाची हलकी टिचकी द्यावी.